हातातली इलेक्ट्रिक स्प्रे गन: मोटर टिकली, रबराच्या चकतीनं अडवलं

मोटर ठणठणीत, नोझल स्वच्छ, सुई सरळ, आणि तरी गनमधून रंग येईना. कारण निघालं रंगाच्या कपात हवा नेणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी बसवलेली रबराची पातळ चकती. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ती सुटी मिळत नाही, पुढचा अख्खा भाग घ्या. त्या भागाची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याच्या घरात! नखाएवढ्या रबरासाठी एवढे पैसे मागणं ही सरळ लूट आहे. सोबतच्या पुस्तिकेत या चकतीबद्दल जेमतेम एक ओळ आहे, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

टर्बाइनची, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या पंख्याची, हवा दोन कामं करते. बरीचशी नोझलपाशी रंगाचे कण फोडते आणि थोडी त्या नळीतून कपात शिरून रंगाला वर ढकलते. चकती हवा आत जाऊ देते, रंगाला मागं येऊ देत नाही. भरलेली गन आडवी ठेवली किंवा छत मारताना जास्त कलली, की रंग चकतीपर्यंत चढतो. एनॅमल, म्हणजे ऑइलपेंट, तिथं वाळला की ती चिकटते आणि कपात दाबच तयार होत नाही. आधी फवारा अडखळतो, मग नुसती हवा येते. बहुतेक जण इथं नोझल खोलतात, नाहीतर रंगात आणखी टर्पेंटाईन ओततात, आणि पत्र्यावर ओघळ येतात. आधी ती नळी उपसून बघा. चकती टर्पेंटाईनमध्ये भिजवून मऊ ब्रशनं पुसा. एनसी थिनर (लॅकरसाठीचा जहाल थिनर) लावू नका, रबर फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. ज्या बाजूनं निघाली त्याच बाजूनं बसवा. काम थांबलं की गन उभीच ठेवा, पाच मिनिटांसाठी सुद्धा आडवी नको. नवीन मशीन घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, की ही चकती सुटी देणार का. वॅट किती आणि कप केवढा, ते नंतर.

कापसाच्या जिनिंगजवळ किंवा काळ्या मातीच्या रस्त्याकडेला काम असेल तर हवेचा फोम फिल्टर रोज झटकावा लागतो. तो तुंबला की हवा कमी पडते, रंगाचे थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. गावाकडं व्होल्टेज पडल्यावरही हेच होतं. लांब आणि बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यात भर घालतो, वायर किमान 1.5 स्क्वेअर एमएमची घ्या.

उन्हाळ्यात माझं मत बदललं. हिवाळ्यात गेटचे सपाट पत्रे इतके सुरेख निघाले, की ब्रश पुन्हा हातात धरायचं कारण दिसत नव्हतं. पण परभणी-नांदेडकडं एप्रिल-मेमध्ये हवाच 42 अंशांवर जाते, पत्रा त्याहून कितीतरी तापतो, आणि टर्बाइनची हवा मुळातच गरम असते. थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धे वाळतात. हात फिरवला तर भुकटी लागते, चकाकी जाते. पत्रा गार आहे तोवर, म्हणजे सकाळी नऊच्या आत काम आटोपायचं. गन सहा ते आठ इंचांवर धरायची आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. रंगाचा पातळपणा सावलीत मोजायचा. उन्हात तापलेला एनॅमल तळाला भोक असलेल्या मापाच्या पेल्यातून भराभर गळतो आणि पातळ झाल्याचा भास होतो. ओतताना जुन्या नायलॉनच्या कपड्यातून गाळायचाच.

आता रंग किती लागेल ते. 20 बाय 10 फुटांची शेडची बाजू टेपनं 200 चौरस फूट भरते, पण नालीदार पत्र्याच्या लाटांमुळं खरं क्षेत्रफळ साधारण 15 टक्के जास्त, म्हणजे 230. डब्यावर एका हाताला लिटरमागं 100 चौरस फूट लिहिलं असेल तर ब्रशनं 2.3 लिटर. स्प्रेमध्ये काही रंग हवेत जातो. अशा सलग पत्र्यावर, वारा नसताना, मी 30 टक्के नुकसान धरतो. इथं पुष्कळ जण 2.3 मध्ये 30 टक्के मिळवून 3 लिटर काढतात आणि शेवटची पट्टी कोरडी राहते. भागायचं असतं: 2.3 भागिले 0.7, म्हणजे 3.3 लिटर. दोन हातांना 6.6. टर्पेंटाईन घातल्यानं डबा भरलेला दिसतो, पण ते उडून जातं. पत्र्यावर राहतो तो रंग तेवढाच, म्हणून हिशोब नेहमी न मिसळलेल्या रंगाचा करायचा.

ग्रिलवर मात्र ही गन मुळीच वापरू नका. 12 मिलीमीटरची सळई आणि मध्ये चार इंचांची फट, म्हणजे फवाऱ्याच्या वाटेत लोखंड जेमतेम नववा हिस्सा. फवारा बारीक केला तरी महागाचा एनॅमल फटीतून पलीकडं जातो आणि शेजारच्याच्या मोटरसायकलवर बसतो. सळयांना ब्रशच.

इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, मारल्यानंतर गन धुवायला पाणी फार लागतं, आणि टँकरच्या दिवसांत ते खटकतं. कपातला उरलेला रंग आधी डब्यात परत ओता. मग एकदम लिटरभर पाणी घालण्याऐवजी पाव-पाव लिटर तीनदा घालून फवारा, गन जास्त स्वच्छ होते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या, नाहीतर नोझलच्या भोकाशी पांढरा थर धरतो.

रंगाची छटा तयार डब्यातली असेल तर आधी एका हातापुरताच रंग आणा. पहिल्या हाताला खरोखर किती गेला ते मोजा आणि त्यावरून दुसऱ्या हाताचा घ्या. दुकानातल्या मशीनवर मिसळून बनवलेल्या छटेचं तसं नाही. तो डबा दुकानदार परत घेत नाही आणि दुसऱ्या वेळी बनवलेल्या रंगात छटेचा फरक पडू शकतो. म्हणून सगळा एकदमच बनवून घ्या आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच गनमध्ये भरा.