विंडोज ११ (२५एच२): दुकानातल्या जुन्या पीसीवर घालायचं का?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोल्हापुरात शाहूपुरीतली पेढी असो, गुजरीतलं दुकान असो की उद्यमनगरातलं सीएनसी शॉप, प्रश्न एकच आहे: आहे त्या पीसीवर विंडोज ११ घालायचं की नवं मशिन घ्यायचं? आमचं मत आधीच सांगतो. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असेल, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) असेल आणि रॅम ८ जीबी असेल, तर नक्की घाला. विंडोज १० अस्सल असेल तर एक रुपयाही लागत नाही, लायसन्स तेच पुढे चालतं. एसएसडी नसेल तर आधी ती बसवा. हार्ड डिस्कवर विंडोज ११ सुरू होतं, पण त्यावर धंदा करता येत नाही.

प्रोसेसर बघणं सोपं आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आय५-७४०० असेल तर सातवी पिढी, म्हणजे बाद. आय५-८४०० चालतो, आय३-१०१०० ही चालतो. एएमडीमध्ये एक फसगत आहे. रायझन २००० मालिका चालते असं सर्रास सांगितलं जातं, पण २२००जी आणि २४००जी हे खूप खपलेले दोन प्रोसेसर आतून पहिल्या पिढीचे आहेत आणि यादीत नाहीत. जुना पीसी विकत घेताना हे नाव वाचूनच व्यवहार करा.

आता खरी अडचण. प्रोसेसर बसतो, तरी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ लाल फुली दाखवतं. अशा वेळी मदरबोर्ड बदलायला निघू नका. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं, किंवा दोन्ही. पहिलं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी बोर्डाची सेटिंग्ज) टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद असते. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’. ती फक्त चालू करायची असते. दुसरं कारण जास्त त्रासाचं: विंडोज १० घालताना जुन्या लेगसी पद्धतीने घातलेलं असतं, त्यामुळे डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची राहते आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू होत नाही. विंडोजमध्येच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. मात्र त्याची एक अट आपल्याकडे हमखास आडवी येते. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन तर अजिबात नको. दुकानात पीसी जुळवताना सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देण्याची जी सवय आहे, त्यात डी आणि ई हे बऱ्याचदा एक्स्टेंडेडमध्येच असतात. मग साधन पहिल्याच तपासणीत नकार देतं. उपाय असा: डी आणि ईचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, तो उघडून खात्री करा, ते पार्टिशन काढून टाका आणि मग पुन्हा चालवा.

क्रम चुकवू नका. आधी बॅकअप, मग डिस्कचं रूपांतर, मग बायोसमध्ये सीएसएम (जुनी बूट पद्धत) बंद, यूईएफआय (नवी पद्धत) चालू, टीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू. रूपांतराआधीच बायोस बदललं तर पीसी विंडोजपर्यंत पोचतच नाही. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते. कार्ड काढून बोर्डावरच्या डिस्प्लेला केबल लावून बघा.

वेगाबद्दल. पीसी मंद आहे म्हणून बूस्टर, क्लीनर, रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर टाकली जातात, आणि आमचा त्यांना ठाम विरोध आहे. सी-क्लीनरसारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीतच २०१७ मध्ये व्हायरस घुसवला गेला होता. रजिस्ट्री साफ करून वेग वाढत नाही, उलट एखादा प्रोग्रॅम उघडायचा बंद होऊ शकतो. मंदपणाचं मूळ डिस्कमध्ये असतं. पीसी चालू झाला की डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस), अपडेट, सर्च इंडेक्स आणि स्टार्टअपचे प्रोग्रॅम एकाच वेळी हजारो बारीक फाइल्स मागतात. हार्ड डिस्क अशा विखुरलेल्या फाइल्स सेकंदाला शंभरेक वेळा वाचू शकते. साधी साटा एसएसडी तेच काम काही हजार वेळा करते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत राहते ती यामुळेच. ५०० जीबीची साटा एसएसडी घ्या, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करा (जशीच्या तशी उतरवा), आणि किमान १५ टक्के जागा मोकळी ठेवा, कारण गच्च भरली की स्वस्तातली एसएसडीही रेंगाळते. तिला डीफ्रॅगमेंट करायचं नसतं. एसएसडीला लागणारी साफसफाई (‘ट्रिम’) विंडोज दर आठवड्याला स्वतःच करतं.

विंडोज ११ मधली साफसफाईची सोय आम्हाला पुरेशी वाटते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं गेलं की ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ दिसतं, तिथून कधीकधी कित्येक जीबी मोकळे होतात. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक पडली तर तुमची डाउनलोड केलेली बिलं आणि चलनं जातील, तेव्हा पुसण्याआधी यादी वाचा. ‘प्रीव्हियस विंडोज’ मात्र दहा दिवस ठेवा. नवीन आवृत्तीवर प्रिंटर किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन चाललं नाही तर परतीची वाट तीच, दहा दिवसांनंतर ती आपोआप बंद होते. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’मधून ‘हाय इम्पॅक्ट’ लिहिलेले प्रोग्रॅम बंद करा, पण डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा आणि मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम ओळखून राहू द्या.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, उद्यमनगरच्या मशिन शॉपमध्ये मंदपणाचं आणखी एक कारण असतं. वाळूची आणि लोखंडाची धूळ तेलाच्या वाफेबरोबर हीटसिंकवर थर धरते. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि दोष विंडोजला जातो. सहा महिन्यांतून एकदा ब्लोअर, दोन वर्षांतून एकदा थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

अपडेटबद्दल विंडोज ११ आमच्या दृष्टीने चांगल्या गुणांनी पास आहे, फक्त वेळ तुम्ही ठरवायची. महिन्याचं मुख्य अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सुटतं; आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, साडेदहा किंवा साडेअकरा. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेत येतो, आणि जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११. नेमक्या त्या गडबडीत पीसी रीस्टार्ट मागतो, लोक वैतागतात आणि कोणाकडून तरी अपडेट कायमचं बंद करून घेतात. त्याची गरज नाही. ७ तारखेला ‘पॉज अपडेट्स’मधून एक आठवडा थांबवा आणि रिटर्न भरून झाल्यावर, जीएसटीआर-३बी च्या २० तारखेआधी दोन दिवस हातात ठेवून अपडेट करा. सलग पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. एका ऑफिसात चार-पाच पीसी असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ लोकल नेटवर्कपुरतं चालू ठेवा, म्हणजे एकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेतात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो आणि लाईट जाते, म्हणून त्या दिवसांत अपडेट सकाळीच उरका. मधेच लाईट गेली तर विंडोज बहुधा मागे फिरून सावरतं. बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच जाऊ शकतो. यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

आणि रोज संध्याकाळी ‘शटडाउन’ केलं म्हणजे पीसी पुरता बंद झाला असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघा, वीस-वीस दिवस दिसतील. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ द्या, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

नापसंतीच्या गोष्टीही आहेत. वनड्राइव्ह न विचारल्यासारखं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतं, आणि मोफतची ५ जीबी भरली की सिंक थांबतं. टॅलीचा डेटा या फोल्डरांत ठेवूच नका. नव्याने विंडोज घालून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते. मग बायोस बदलला तर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (उघडायचा क्रमांक) मागितली जाऊ शकते. ती त्याच अकाउंटमध्ये असते. आजच प्रिंट काढून तिजोरीत ठेवा.

पीसी बिघडला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हा सल्ला सहज मिळतो. त्यात बऱ्याचदा ॲक्टिव्हेटर मारलेलं, म्हणजे लायसन्सशिवाय चालवलेलं विंडोज येतं: डिफेंडरला त्या फाइलकडे बघू नको असं सांगितलेलं, अपडेटची सर्व्हिस बंद केलेली. घरच्या पीसीवर ‘काही सेटिंग्ज संस्थेच्या ताब्यात आहेत’ अशी ओळ दिसली तर शंका घ्या. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट’ आहे. ते विंडोज नव्याने बसवतं, तरी प्रोग्रॅम, फाइल्स आणि सेटिंग्ज जागेवर राहतात. फॉरमॅटच्या आधी हे करून बघितलंच पाहिजे.

काही पीसींवर मात्र विंडोज ११ घालू नका. अडत-पट्टीचं डॉसवरचं जुनं सॉफ्टवेअर चालवणारा पीसी त्यात येतो: विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळतं आणि त्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. तो पीसी इंटरनेटपासून तोडून जुन्या विंडोजवरच ठेवा, डेटा पेनड्राइव्हने न्या. सीएनसी मशिनला जोडलेल्या पीसीलाही हाच नियम. सातव्या पिढीच्या, इंटरनेट लागणाऱ्या पीसीसाठी विंडोज १०चं ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) घ्या: २२एच२ आवृत्ती हवी, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ असतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. तेवढ्या काळात नव्या मशिनचे पैसे बाजूला काढा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, तेव्हा जुन्या पीसीतली डीडीआर४ काडी भंगारात घालण्याआधी नव्या बोर्डाला तीच बसते का ते विचारा.