ऑटो डेबिट बंद केलं म्हणजे कनेक्शन बंद होत नाही – अमळनेरचा फायबर-टीव्हीचा अनुभव (5 पैकी 2 स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण जे आमच्यासोबत झालं ते कुठल्याही पोस्टपेड कनेक्शनला होऊ शकतं. पण ज्यांचे आईवडील गावी एकटे राहतात त्यांनी हे नक्की वाचा.

अमळनेरला आप्पांकडे म्हणजे माझ्या वडलांकडे तीन वर्षं फायबर इंटरनेट अन् त्यासोबत टीव्हीचा बॉक्स होता. 699 चा प्लॅन, 18 टक्के जीएसटी धरून 824.82, दर महिन्याच्या 7 तारखेला आप्पांच्या पेन्शनच्या खात्यातून आपोआप कटायचे. सर्व्हिस खरंच चांगली होती, खोटं नाही बोलणार. आधीच्या डिशला पावसाळ्यात ढग आले की चित्र गायब व्हायचं, ह्याला तसा त्रास कधीच झाला नाही, आईच्या सिरीयल पण व्यवस्थित चालायच्या.

फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोघांना मी जळगावला माझ्याकडे आणलं. घर बंद, टीव्ही बंद, मग पैसे कशाला कटू द्यायचे म्हणून आप्पा येण्याआधी बँकेत गेले, मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) बंद करायचा फॉर्म भरला, सही केली आणि काम झालं समजले. मलाही तसंच वाटलं.

मार्चच्या 9 तारखेला पहिला मेसेज आला, पेमेंट फेल, थकबाकी 824.82. आम्ही लक्ष दिलं नाही. एप्रिलला परत, मे मध्ये परत, प्रत्येक महिन्याला वर 100 रुपये लेट फी, मिळून 2,774 झाले. मग फोन चालू झाले, दुपारी जेवायला बसलो की फोन, आणि एक दिवस व्हॉट्सॲपवर तराजूचं चित्र असलेली लीगल नोटीस आली, खाली पेमेंटची लिंक. आप्पांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "ये पैसा कसाना मांगी ऱ्हायनात?" (हे पैसे कशाचे मागतायत?) आयुष्यात कोणाचे दहा रुपये ठेवले नाहीत त्या माणसाने, त्या रात्री ते झोपले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे.

चूक कुठे झाली ते आता कळतं. बँकेत मँडेट रद्द केल्यावर फक्त पैसे कटायचे थांबतात, कंपनीकडे तुमचं कनेक्शन चालूच असतं आणि बिल बनत राहतं. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये आहे, त्याला सांगितलं तर म्हणे आमच्याकडे पण हेच, तिथे टीव्ही बघायला वर्षाचं लायसन्स लागतं, एप्रिल 2025 मध्ये ते 174.50 पाउंड झालं होतं, आणि बँकेत डायरेक्ट डेबिट बंद केला तरी लायसन्स रद्द होत नाही, लायसन्सवाल्यांना वेगळं कळवावं लागतं नाहीतर घरी पत्रांवर पत्रं येतात. आप्पांना ते लगेच पटलं कारण त्यांच्या तरुणपणी आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे, छोटी पुस्तिका असायची अन् त्यावर तिकिटं लावायचे.

बरं आमची अर्धी चूक मान्य. पण कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, प्रत्येक वेळी नवीन माणूस, नवीन ऑफर, दोन महिने फ्री घ्या, छोटा प्लॅन घ्या, पण कनेक्शन बंद करा म्हटलं की फोन होल्डवर. घ्यायला एक मिसकॉल पुरतो आणि सोडायला महिने लागतात, हे चुकीचंच आहे. लिंकवर एक रुपया भरला नाही, कारण ती नोटीस कोणाच्या तरी पर्सनल नंबरवरून होती आणि कंपनीच्या ॲपमध्ये तिचा उल्लेखच नव्हता. शेवटी वेबसाईटच्या एकदम खाली नोडल ऑफिसरचा, म्हणजे कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याचा मेल आयडी सापडला. त्यावर कस्टमर आयडी, बँकेच्या फॉर्मची पोच आणि ॲपमधला डेटा वापराचा स्क्रीनशॉट टाकला, मार्च एप्रिल मे तिन्ही महिने शून्य जीबी. उत्तर नाही आलं तर 1915 ला, ग्राहक हेल्पलाईनला तक्रार करणार असं पण लिहिलं. सहा दिवसांनी फोन आला, दोन बिलं आणि सगळी लेट फी माफ, एक महिन्याचे 825 भरले आणि विषय संपवला.

दोन स्टार दिलेत ते अमळनेरच्या लाईनमन पोरासाठी. मी पॅसेंजरने गेले, घर उघडलं, त्याने बॉक्स, रिमोट, राउटर, ॲडॉप्टर सगळं ओट्यावर मांडलं आणि स्वतःहून म्हणाला, "ताई, आधी नंबरचा फोटो काढून घ्या, नंतर बॉक्स मिळाला नाही म्हणतात." बॉक्सखालचं स्टिकर धुळीने माखलं होतं, ते त्याने रुमालाने पुसलं, मी फोटो काढला, आणि पावतीबुक नव्हतं तर साध्या कागदावर सिरीयल नंबर, तारीख, सही करून दिली. तो कागद आप्पांनी बिलांच्या पिशवीत जपून ठेवलाय.

तर तुम्ही बंद करणार असाल तर आधी कंपनीला लेखी कळवा, तक्रार नंबर घ्या, बॉक्स देऊन पावती घ्या, शेवटचं बिल भरा आणि मग बँकेत जा. आणि मँडेट तसंच ठेवून खातं रिकामं करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, डेबिट बाऊन्स झालं की बँक वेगळा चार्ज लावते.

डिपॉझिटचे 1,000 अजून आलेले नाहीत, दर सोमवारी मेल करतेय, आले की इथेच लिहीन.