फील्ड मॅपिंग की कोअर शेड? तब्येतीच्या हिशेबाने

भूवैज्ञानिकाला फील्ड मॅपिंग (रानात हिंडून खडकांचा नकाशा करणं) आणि कोअर शेड (जमिनीत छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, जिथे कापून तपासतात ती जागा) अशा दोन्हीकडची नोकरी मिळत असेल, तर घरची माणसं शेडच घ्यायला सांगतात. डोक्यावर छप्पर, ना कडे ना साप. फील्डमधले मृत्यू बातम्यांत गाजतात तेही तसेच: १९९१ला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर ४३ जण गेले, १९९३ला कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीच्या विवरात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक. पण जिवंत ज्वालामुखीवर काम करणारे आपल्यात कितीसे? बाकीच्यांना माझ्या मते खरी भीती गाडीची. दिवसभर उन्हात तंगडतोड करून संध्याकाळी पेंगुळल्या डोळ्यांनी कच्च्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायचं. मग घसरणं, ऊन लागणं. यातलं बरंचसं मात्र आपल्या हातात असतं: अंधाराआधी परतायचं, एकट्याने जायचं नाही.

शेडमधला धोका दिसत नाही. क्वार्टझाइट, ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीतले सर्वांत बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. सिलिकोसिस झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही, वर क्षयाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ही धूळ १९९७पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्या पदार्थांत आहे.

कोअर कापायची करवत पाणी सोडत चालते, मग धूळ कसली, असं मलाही ऐकवलं गेलं. माझा वैताग सुरू झाला तो त्या पाण्यापासूनच. राखाडी गाळ फरशीवर, ट्रेच्या कडांवर, एप्रनवर उडतो, रात्रीत वाळतो, आणि सकाळी कोणीतरी त्यावर कोरडा झाडू मारतं. ओल्या फडक्याने पुसा म्हणून सांगून तोंड दुखलं. राहिला मास्क. तो घालून लॉगिंग (कोअर निरखून नोंदी करणं) करून बघा: वाफेने भिंग धुरकटतं, कोअर डोळ्याशी न्यावा तर मास्कच्या नाकाडावर आपटतो. मग ‘एकच मिनिट’ म्हणत मास्क हनुवटीवर येतो आणि तिथेच राहतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसतच नाही, ते वेगळंच.

मी फील्ड घेतलं. गुडघे कुरकुरत असतील किंवा ऊन सोसत नसेल, तर शेड वाईट नाही. फक्त करवतीपाशी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी आणि ती चालू असायला हवी. होकार देण्याआधी सकाळी झाडलोटीच्या वेळी एक चक्कर मारून या. आणि कुठेही रुजू झालात, तरी छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) पहिल्याच महिन्यात करून ठेवा. पुढे काही वाटलं तर ताडून बघायला जुना रिपोर्ट हाताशी असतो.