गच्चीवरचं सोलार, एक वर्षानंतर: योजनेला साडेचार स्टार, बसवणाऱ्याला तीन

सोलापुरात घर आहे आमचं, वर मोकळी गच्ची, आणि ऊन कसलं असतं ते इथल्यांना सांगायला नको. 3 किलोवॅटचं सोलार बसवून वर्ष होऊन गेलंय, उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून मग लिहितोय, बसवल्यावर आठ दिवसात पाच स्टार देऊन मोकळं होणाऱ्यातला मी नाही.

आधी पैशाचं. पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली, तिच्यात पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे 78,000 सबसिडी, त्याच्या वर कितीही मोठं बसवा एक रुपया जास्त नाही. पॅनेल मात्र भारतात बनलेल्या सेलचेच (पॅनेलमधल्या, उन्हाची वीज करणाऱ्या चकत्या) लागतात. आम्हाला एकूण 1 लाख 95 हजार पडले, सगळे आधी खिशातून, सबसिडी नंतर थेट खात्यात आली. अडकलं कुठं तर नावात, लाईट बिल अजून वडलांच्या नावावर आणि अर्ज मी माझ्या नावाने भरत बसलेलो. बिलावरचं नाव आधी नीट करून घ्या, मग बाकीचं.

आता बसवणारा. नाव घेत नाही, माणूस गोड बोलतो, काम पण दोन दिवसात उरकलं. पण 540 वॅटचे 6 पॅनेल लावताना दोन असे लावले की दुपारी साडेतीननंतर शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली बरोबर त्यांच्यावर. मी म्हणलं अहो सावली येतीय, तर म्हणाला "काही नाही हो साहेब, दोनाचंच थोडं कमी होईल." महिनाभर ॲपवर ग्राफ बघितला, साडेतीन वाजले की रेघ धाडकन खाली. सगळे पॅनेल एकाच माळेत जोडलेले असतात ना, त्यामुळं एका टोकाला सावली पडली की सगळ्या माळेवर परिणाम होऊ शकतो, हे मला नंतर कळलं, त्याला आधी माहिती असायला पाहिजे होतं की नाही? सात-आठ फोन झाल्यावर माणसं आली, दोन पॅनेल जिन्याच्या बाजूला सरकवले, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे दीड-दोन युनिट वाढले. अर्थिंगचे खड्डे पण तीन ठरलेले, खणले दोन, तिसरा मी उभं राहून खणून घेतला. तुम्ही पण सुट्टी टाकून समोर उभे राहा.

युनिटचं म्हणाल तर मार्चमध्ये दिवसाला 14 पर्यंत जातंय. मे महिन्यात अजून जास्त येतील असं वाटलेलं पण उलटंच, पॅनेल तापलं की वीज कमी करतं, त्याला ऊन पाहिजे, गरमी नको. जुलैत ढग भरून आले की 4-5 वर समाधान मानायचं. महिन्यातून दोनदा सकाळी लवकर साध्या पाण्याने धुतो, आमच्याकडं धूळ फार.

बिल झिरो येतं हे मात्र अर्धसत्य. स्थिर आकार भरावाच लागतो. आणि आपण वापरून उरलेली वीज लाईट कंपनीच्या लाईनीत जाते, ते युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात पण 31 मार्चला हिशोब मिटतो, जास्तीच्या युनिटला जो भाव देतात तो आपण भरतो त्याच्या मानाने किरकोळ, त्यामुळं गरजेपेक्षा मोठं बसवून कमाई करू असं कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. आमचं आधी उन्हाळ्यात साडेतीन हजार यायचं, आता दोनशेच्या आसपास.

अजून एक, हे बसवणारे आपणहून सांगत नाहीत. लाईट गेली की सोलार पण बंद! भर दुपारी डोक्यावर ऊन आणि घरात पंखा बंद, आई म्हणाली "मग एवढे पैसे घातले कशाला?" कारण खरं आहे, खांबावर वायरमन काम करत असताना आपली वीज उलटी लाईनीत गेली तर त्याला झटका बसेल, म्हणून सोलारचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा, बॅटरीवाला नव्हे) आपोआप थांबतो. बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर घेतला तरच चालतं, आणि त्याचा खर्च वेगळा.

आईचा खरा राग मात्र वाळवणावरून होता, सांडगे-कुरडया घालायच्या कुठं म्हणून. जास्तीचे 18 हजार देऊन स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं, तरी सावली पडतेच की. शेवटी वाळवण पूर्वेच्या कोपऱ्यात गेलं, आणि ती स्वतः पॅनेलखाली खुर्ची टाकून राखण करते.