लातूरच्या औसा रस्त्यावरील गॅरेज आणि जाम झालेला ब्रेक

वडिलांची १९८३ सालची अ‍ॅम्बेसेडर पावसाळ्याचे चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दसऱ्याच्या पूजेसाठी ती बाहेर काढायला गेलो, तर हँडब्रेक सोडूनही मागचे डावे चाक जागचे हलेना. शेवटी औसा रस्त्यावर जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींना घरी बोलावले.

हातोडा उचलण्याआधी त्यांनी चाकामागचा निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू, थोडा सैल केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले असते, तर लाइनमध्ये दाब अडकला आहे, बहुधा होजपाइप आतून फुगला आहे, असा अर्थ झाला असता. तसे झाले नाही, म्हणून दोष ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्याच्या, आतच आहे हे त्यांनी ओळखले. ड्रम उतरवल्यावर ड्रमवर घासून चाक थांबवणारा लायनर गंजाने चिकटल्याची कडा स्पष्ट दिसली, आणि ऑइलच्या दाबाने पिस्टन ढकलून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे धूळ अडवणारे रबर उचलताच आत काळपट ग्रीस निघाले. पूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने तेथे बेअरिंगचे साधे ग्रीस भरले होते. खनिज तेलाच्या अशा ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते आणि पिस्टन मागे सरकत नाही, हे ब्रेकचे काम करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

सिलिंडरच्या आतले खड्डे नखाला लागत होते, त्यामुळे केवळ रबरांचे किट न बदलता मिस्त्रींनी नवा सिलिंडर बसवला, रबरांना ब्रेकचे लाल रबर ग्रीस लावले, लायनर व ड्रममधले अंतर जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टरचे आटे साफ केले, हँडब्रेकची केबल मोकळी केली आणि चारही चाकांतून जुने ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल भरले. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्यानेच सिलिंडर आतून गंजतो, म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे, असे त्यांनी बजावले.

सुट्या भागासाठी पाच दिवस थांबावे लागले, आणि बिलात मजुरी व सामान वेगळे लिहिलेले नव्हते. एवढी उणीव त्यांनी दूर करावी. कामाबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. आता गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवतो, चाकाला लाकडी ठोकळा लावतो, आणि धुतल्यावर ड्रम सुकावेत म्हणून हलका ब्रेक दाबत गल्लीतून एक फेरी मारून आणतो. उरलेल्या तीन चाकांचे ड्रम पुढच्या मृगाआधी त्यांच्याकडूनच उघडून घेणार आहे.