अ‍ॅझ्टेक, माया, इंका ऑनलाइन शिकायचंय: व्हिडिओ, पेड कोर्स की थेट जुनी हस्तलिखितं?

इंकांचं माचू पिक्चू कुठे आहे, अ‍ॅझ्टेकांना हरवणारा स्पॅनिश कोर्तेस कोण होता, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की आता जरा नीट समजून घ्यायचं म्हटलं तर वेळ कशात घालवायचा. मी तिन्ही करून बघितलंय, मोठे डॉक्युमेंटरी व्हिडिओ, पैसे भरून घेतलेला एक लेक्चर कोर्स, आणि लायब्ररी-म्युझियमवाल्यांनी फुकट स्कॅन करून ठेवलेली हस्तलिखितं.

व्हिडिओंना नावं ठेवणं सोपं आहे पण काही गोष्टी बघितल्याशिवाय डोक्यात शिरतच नाहीत. २०१८ मध्ये ग्वाटेमालाच्या जंगलावरून विमानातून लेझर फिरवून जवळपास ६०,००० माया बांधकामं दिसली, हे वाचून काही होत नाही, पडद्यावर झाडं गायब होऊन खालचे रस्ते, बांध, घरं उघडी पडतात तेव्हा खरं कळतं. पेरूमधला केस्वाचाका पूल तसाच. इंकांच्या पद्धतीचा, गवताचा. दरवर्षी आसपासची गावं जमून गवताचे दोर वळतात, त्या दोरांचे जाड दोरखंड करतात, आणि जुना पूल सोडून अपुरिमाक नदीवर नवा बांधतात. याचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा, कुठल्याही पुस्तकात ही मजा नाही.

पण मी व्हिडिओंपासून लांब गेलो ते एकाच गोष्टीमुळे, मागे दाखवलेली दृश्यं. निवेदक अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीबद्दल, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेल्या तेनोच्तित्लानबद्दल, बोलत असतो आणि मागे पिरॅमिड असतो तेओतिवाकानचा, जे शहर अ‍ॅझ्टेक यायच्या कितीतरी शतकं आधी ओस पडलं होतं, त्यांच्यासाठीसुद्धा ते जुने अवशेषच होते. कधी चिचेन इत्झा दाखवतात, ते तर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातलं, माया लोकांचं. आणि माया कॅलेंडर म्हटलं की हमखास तो नक्षीचा गोल दगड येणार, २०१२ च्या जगबुडीच्या अफवेच्या वेळी तर जिकडेतिकडे तोच फिरत होता, आणि तो दगड अ‍ॅझ्टेकांचा, १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडलेला!

कारण कळतं हो. तेनोच्तित्लानचं मुख्य देऊळ स्पॅनिशांनी पाडलं, वर नवं शहर बसवलं, १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना कोयोल्शाउकी देवीची भलीमोठी गोल शिळा लागली तेव्हा कुठे तिथं मोठं उत्खनन सुरू झालं, आणि आज दिसतात ते देवळाच्या पायथ्याचे एकावर एक चढवलेले थर. ड्रोनमधून भव्य वाटेल असं काही उरलेलंच नाही, मग एडिटर दुसरीकडचा उंच पिरॅमिड उचलतो. पण एकदा हे लक्षात आलं की सगळाच संशय, लग्नाच्या अल्बममध्ये दुसऱ्याच लग्नाचे फोटो घुसावेत तसं, आणि कुठला फोटो कुठला हे खाली लिहिलेलंही नसतं. सगळे असेच असतात असं नाही, चांगले पण आहेत, पण चांगला कुठला हे ओळखायला आधी विषय माहीत असावा लागतो ना.

कोर्सचा फायदा म्हणजे क्रम लागतो. तिघांना एकत्र ‘प्राचीन’ म्हणायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात मायांचा वैभवाचा काळ साधारण इ.स. २५० ते ९००, आणि अ‍ॅझ्टेक-इंकांचं साम्राज्य पंधराव्या शतकात उभं राहिलेलं. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं तेव्हा पोर्तुगीज गोव्यात येऊन दहा वर्षं उलटून गेली होती आणि विजयनगरात कृष्णदेवराय राज्य करत होता. म्हणजे प्राचीन कसलं! माया लिपीचं प्रकरणही कोर्समध्येच नीट समजलं, माया चिन्हं उच्चारही लिहितात हे मांडणारा सोव्हिएत अभ्यासक क्नोरोझोव्हचा १९५२ चा लेख, मग १९६० मध्ये माया-अभ्यासक तात्याना प्रोस्कूरियाकॉफने कोरीव शिळांवरच्या तारखा म्हणजे राजांचे जन्म-राज्यारोहण आहेत हे दाखवून दिलं. मी घेतलेल्या कोर्सात पुढचे धडे मात्र स्लाइड वाचून दाखवल्यासारखे होते आणि फी बरीच होती.

आता हस्तलिखितं. फ्लोरेंटाईन कोडेक्स (कोडेक्स म्हणजे हस्तलिखित पोथी), स्पॅनिश फ्रान्सिस्कन साधू साहागून आणि त्याच्या हाताखालच्या नाउआ, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या स्थानिक, पंडितांनी मिळून केलेला, १५७७ च्या सुमाराचा बारा भागांचा ग्रंथ, २०२३ पासून लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेच्या साइटवर आख्खा उघडा आहे, इंग्रजी भाषांतरासकट. पानाच्या डाव्या बाजूला स्पॅनिश, उजवीकडे अ‍ॅझ्टेकांची नाउआत्ल भाषा, आणि स्पॅनिश मजकूर आखूड म्हणून उरलेल्या जागेत चित्रं. बाराव्या भागात १५२० च्या देवी रोगाच्या साथीचं चित्र आहे, चटईवर पडलेली माणसं, अंगभर फोड, एका रोग्याजवळ बसलेली बाई काहीतरी बोलतेय, तोंडातून बोलण्याची वेटोळी निघालेली. शेजारी लिहिलंय की कूस बदलणंही जमत नव्हतं, आणि खायला घालणारं कुणी उरलं नाही म्हणून कितीतरी लोक उपासमारीने गेले. इथं कुठलं दृश्य कुठलं असा प्रश्नच येत नाही, पान क्रमांक समोर असतो. हा भागही एकतर्फी आहे बरं का, सांगणारे तेनोच्तित्लानला लागून असलेल्या त्लातेलोल्को शहराचे, त्यामुळे शौर्य सगळं त्यांच्याच लोकांचं.

इंकांसाठी पेरूमधला स्थानिक लेखक वामान पोमा याची पोथी, १६१५ च्या आसपास स्पेनच्या राजाला उद्देशून लिहिलेली, रेघांनी काढलेली ३९८ चित्रं, कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीच्या साइटवर आहे. दोऱ्यांच्या गाठींतून हिशेब ठेवणारा कारकून दोन्ही हातांत किपू ताणून उभा आहे ते चित्र शोधा, खालच्या कोपऱ्यात हिशेबाचा चौकटींचा पट पण काढलाय. मजकूर स्पॅनिश आणि इंकांच्या केचुआ भाषेत, त्यामुळे ब्राउझरच्या भाषांतरावर भागवावं लागतं आणि ते भयंकर येतं, चित्रांवरच जास्त वेळ जातो.

मायांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं डळमळतं. लांदा नावाच्या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावात पोथ्या जाळल्या, आज जेमतेम चार उरल्यात. त्यातला ड्रेस्डेन कोडेक्स स्कॅनमध्ये बघता येतो, शुक्राचं गणित वगैरे, पण सोबत कुणी समजावणारं नसेल तर नुसतं सुंदर पान बघून पुढे जातो आपण. म्हणजे फक्त मायाच करायचं असेल तर कोर्स घ्या, सवलतीत मिळाला तर.

बाकी दोघांसाठी हस्तलिखितंच, आणि माझं ऐकाल तर फ्लोरेंटाईनच्या अकराव्या भागापासून सुरू करा, प्राणी-पक्षी-झाडं, वाचायला हलकं, मग बारावा. आणि मोबाइलवर नको, झूम करून करून डोळे जातात.