पोस्टग्रेस्ट आठ महिने वापरल्यावर: एरर मेसेजचं काय केलं

आमचं दूध संकलनाचं छोटं ॲप आहे, चार गावच्या डेअऱ्या रोज सकाळ-संध्याकाळ त्यात नोंदी टाकतात. आधीच्या आमच्या कोडमध्ये डेटाबेसला काहीही झालं तरी स्क्रीनवर एकच, ‘समथिंग वेंट राँग’. मग सकाळी सहाला एका संकलन केंद्रावरून फोन, दादा परत तेच आलंय, आणि काय आलंय ते फोन करणाऱ्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

पोस्टग्रेस्टवर, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसवरून ॲपसाठी थेट एपीआय तयार करणाऱ्या टूलवर, आल्यावर पहिल्यांदा खरा एरर हातात आला. जेसनमध्ये कोड, मेसेज, डिटेल्स, हिंट. एकाच सभासदाची सकाळची नोंद दुसऱ्यांदा टाकली की एचटीटीपी स्टेटस ४०९, डेटाबेसचा कोड २३५०५ (हे आधीच आहे) आणि डिटेल्समध्ये चक्क सभासद २१४, तारीख, सकाळ, ही की आधीच आहे म्हणून. लॉग बघून मिनिटात कळतं.

पण हे जसंच्या तसं युजरला दाखवू नका. एक तर इंग्रजी, आणि दुसरं म्हणजे डिटेल्समधून डेटा बाहेर जातो, ईमेलवर युनिक (एकच मूल्य दोनदा चालणार नाही असा नियम) लावलं असेल तर तो ईमेल आपल्याकडे आहे हे कुणालाही कळणार. आम्ही प्रत्येक कन्स्ट्रेंटला, म्हणजे डेटाबेसमधल्या अशा नियमाला, नीट नाव दिलं आणि त्या नावावरून ॲपमध्ये मराठी वाक्य दाखवतो. इथे माझी खरी तक्रार आहे, कन्स्ट्रेंटचं नाव वेगळ्या फील्डमध्ये मिळत नाही, मेसेजच्या वाक्यातून खेचून काढावं लागतं आणि सर्व्हरवर मेसेजची भाषा बदलली की ते तुटू शकतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ट्रिगरमधल्या (नोंद टाकताना डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) रेझ एक्सेप्शनचा, म्हणजे तिथून आपणच एरर देण्याचा. फॅट टाकताना घाईत पॉइंट राहतो, ६.५ चं ६५ होतं. आता मेसेज येतो ‘फॅट ६५ असू शकत नाही’ आणि हिंटमध्ये ‘६.५ म्हणायचंय का?’. एररकोड पीटी४२२ दिला की एचटीटीपी स्टेटसही ४२२ जातं, नाहीतर साधं ४०० जातं. मराठी वाक्य नियमाच्या शेजारीच राहतं, त्यामुळे नियम बदलला की वाक्यही तिथेच बदलतो.

दोन दिवस खाल्ले ते एररच न आल्यामुळे. रो लेव्हल सिक्युरिटीमुळे (कुणाला कोणत्या ओळी दिसतील-बदलता येतील हे डेटाबेसच ठरवतो) दुसऱ्या डेअरीची नोंद अपडेट होतच नाही, पण रिस्पॉन्स मात्र यशस्वी, बदललेल्या ओळी शून्य. इन्सर्टला तसं होत नाही, तिथे सरळ ४२५०१ (परवानगी नाही) हा एरर येतो. आता एकाच ओळीचं अपडेट असेल तर बदललेली ओळ परत मागतो आणि रिक्वेस्टच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये सिंगल ऑब्जेक्ट, म्हणजे नेमकी एकच ओळ हवी, असं सांगतो, मग शून्य ओळी आल्या की ४०६ एरर मिळतो.

मायग्रेशननंतर (टेबलची रचना बदलल्यावर) पोस्टग्रेस्ट नवा कॉलम सापडत नाही म्हणाला तर घाबरू नका, त्याने रचनेची जुनी प्रत लक्षात ठेवलेली असते, डेटाबेसमधून स्कीमा कॅशे रीलोडचा नोटिफाय पाठवा, झालं.

परवा त्याच केंद्रावरच्या काकांनी ६५ टाकलं, हिंट वाचली, दुरुस्त केलं आणि पुढची कॅन घेतली. मला हे संध्याकाळी लॉगमध्ये दिसलं.